तालुक्याच्या शाळेचा कबड्डी संघ: वजनकाटा, दाखले, दुखापती आणि गावाची नजर

शालेय कबड्डीचं गणित निष्ठुर आहे. आधी तालुका, मग जिल्हा, विभाग आणि राज्य, आणि बहुतेक सामने बाद पद्धतीचे. वर्षभर पहाटे उठून केलेला सराव तीस-चाळीस मिनिटांत संपू शकतो. त्यात निफाड, सिन्नर, येवला, चांदवड, दिंडोरी अशा गावांत संघातलं कोणतं पोरगं कोणाचं, हे बसस्टँडपासून बाजार समितीपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. जिंकलं तर चौकात फ्लेक्स लागतो. हरलं की दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेलेल्या पोराला डेअरीवरच विचारतात, "काल ती चढाई का केली रे?"

"मनाने खंबीर राहा" असं सांगून हे दडपण उतरत नाही. ते ठरावीक वाटांनी येतं: वजनकाटा, वयाचा दाखला, जत्रेतली स्पर्धा, दुखरा गुडघा, दहावीचं वर्ष. अशा प्रत्येक ठिकाणी निर्णय कोणाचा, हे जूनमध्येच ठरवून कागदावर आणलं, तर सप्टेंबरात मैदानाच्या कडेला दहा जणांच्या आरडाओरड्यात तो घ्यावा लागत नाही. पुढचं सगळं त्यासाठीच आहे. क्रीडाशिक्षक, पालक आणि थोडं कर्णधारासाठीही.

जूनमधली बैठक

शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक, खेळाडूंचे पालक आणि कर्णधार यांची पाऊण तासाची बैठक घ्या. रविवारी सकाळी घेतली तर शेतावरचे पालकही येतात. आईला मुद्दाम बोलवा. पोराच्या खाण्या-झोपेचं खरं तिलाच माहीत असतं, आणि वडील "काही होत नाही हो त्याला" म्हणून मोकळे होतात.

बैठकीतून एक पानभर कागद निघायला हवा. त्यात पहिलं: दुखापत झालेल्या खेळाडूला बाहेर बसवण्याचा अधिकार एकाच माणसाचा, आणि तो माणूस शक्यतो संघाचा प्रशिक्षक नसावा. विज्ञानाचे शिक्षक चालतील, गावातले डॉक्टर तयार असतील तर फारच उत्तम. त्यांनी "नाही" म्हटलं की विषय संपला. पालक, कर्णधार, माजी खेळाडू, कोणीही तो पुन्हा उकरायचा नाही. दुसरं, बाहेरच्या स्पर्धा कोणत्या खेळायच्या. तिसरं, कोणता मुलगा कोणत्या वयोगटात आणि वजनगटात. चौथं, गावातल्या लोकांशी, देणगीदारांशी, पत्रकारांशी कोण बोलणार. जर्सीवर दुकानाचं नाव छापायला हरकत नाही. पण ज्याने जर्सी दिली त्याला सातातले खेळाडू निवडायचा हक्क मिळत नाही, हे त्याच दिवशी हसतखेळत सांगून टाकावं. जर्सी अंगात आल्यावर सांगणं जड जातं.

कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि एक प्रत क्रीडा विभागाच्या कपाटावर आतून चिकटवा.

वजन

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि तेही गुपचूप. मर्यादेपेक्षा दीड-दोन किलो वर असलेल्या मुलाला आदल्या दिवशी जेवू देत नाहीत, पाणी तोडतात, दोन स्वेटर आणि रेनकोट घालून पळवतात. कुठे कुठे जुलाबाच्या गोळ्याही देतात. सकाळी काट्यावर तो बसतो, सगळे टाळ्या वाजवतात, आणि अकराच्या उन्हात तिसऱ्या चढाईला त्याच्या पोटऱ्या आखडतात.

हे का होतं ते समजून घ्या. एका दिवसात उतरलेलं वजन चरबीचं नसतं, पाण्याचं असतं. ५० किलोच्या मुलाचं एक किलो पाणी गेलं म्हणजे शरीराचे दोन टक्के गेले. तेवढ्याने हृदयाचे ठोके वाढतात, दम लवकर सुटतो, डोकं मंद होतं. चढाईच्या ३० सेकंदांत बोनस (बोनस रेषा ओलांडून मिळणारा जादा गुण) घ्यायचा की मागे फिरायचं, हा निर्णय अशा डोक्याने चुकतो. काटा आणि सामना यांत दोन तासांचं अंतर असेल तर पाणी पिऊनही ते पूर्ण भरून निघत नाही.

म्हणून पद्धत अशी ठेवा. त्या वर्षीच्या क्रीडा परिपत्रकातली वयोगटाची वजनमर्यादा आधी वाचा. मागच्या वर्षीच्या आकड्यावर किंवा संघटनेच्या स्पर्धेतल्या मर्यादेवर विसंबू नका, दोन्ही वेगळे असू शकतात. जूनपासून दर सोमवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, न खाता, हाफपँटवर वजन घ्या. काटा तोच, वेळ तीच. सकाळ-संध्याकाळच्या वजनात किलो-दीड किलोचा फरक पडतो, त्यामुळे संध्याकाळचे आकडे बघून कोणी घाबरू नये. महिन्यातून एकदा भिंतीवर खूण करून उंची मोजा.

उंचीला विशेष महत्त्व आहे. तेरा-चौदाच्या सुमारास मुलगे वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतात, मुलींची ही झेप साधारण दोन वर्षं आधी येते. त्या काळात वजन वाढणारच. उंची वाढते आहे आणि वजनही वाढतं आहे, तर त्या मुलाचं वजन थोपवायला जाऊ नका. त्याला वरच्या गटात खेळवता येतं का ते पाहा, नाहीतर या वर्षी तो राखीव. हे जुलैत सांगितलं तर मुलगा दोन दिवस रुसतो. स्पर्धेच्या सकाळी सांगितलं तर वर्षभर मनात ठेवतो.

उंची थांबली आहे आणि वजन थोडंसंच वर आहे, तेव्हाच खाण्यात बदल करा. उदाहरणादाखल मर्यादा ५५ किलो धरू. स्पर्धेला चार आठवडे आहेत आणि मुलगा ५६ भरतो. एक किलो चार आठवड्यांत, म्हणजे आठवड्याला पाव किलो. मधल्या सुट्टीतला वडापाव, थंड पेय, फरसाण आणि चहातली दुसरी साखर एवढं काढलं तरी बहुतेकदा जमतं. तिन्ही जेवणं राहिली पाहिजेत, पाणी राहिलं पाहिजे. मुलगा ५७.५ भरत असेल तर तो नाद सोडा. आठवड्याला शरीराच्या एक टक्क्यापेक्षा जास्त उतरवणं मोठ्या माणसालाही झेपत नाही, वाढत्या वयात तर ते हाडांच्या आणि ताकदीच्या मुळावर येतं.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही, तर "खेळामुळे होतं" म्हणून सोडून देऊ नका. बहुधा शरीराला खर्चाच्या मानाने अन्न कमी पडतंय. डॉक्टरांना दाखवा. त्याच वेळी हिमोग्लोबिनही तपासून घ्या. बारा वर्षांवरच्या मुलीचं १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय (ॲनिमिया) आहे, आणि "हिचा स्टॅमिनाच नाही" या तक्रारीचं कारण बरेचदा तिथेच सापडतं. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी खिशात घालून घरी नेऊ देऊ नका. जेवणानंतर, चहापासून तासभर लांब, शिक्षकांसमोर घ्यायला लावा.

दाखले

हा भाग रटाळ आहे, पण संघ बाद होतो तो इथेच. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. जन्मतारखेची सीमा परिपत्रकात दिलेली असते. जन्मदाखला, आधार आणि शाळेचं जनरल रजिस्टर, तिन्हींत नाव आणि तारीख जुळते का ते जूनमध्येच बघा. आधारवर "गणेश बाळु" आणि रजिस्टरला "गणेश बाळासाहेब" असा घोळ नेहमीचा. दुरुस्तीला आठवडे जातात. ऑनलाइन नोंदणीची शेवटची तारीख फळ्यावर लिहून ठेवा, कारण त्या दिवशी साइट हळू चालणार हे धरूनच चालायचं.

वय लपवून मुलगा उतरवण्याचा मोह गावातले शहाणेच घालतात: "सगळेच करतात, सर." पकडलं गेलं तर एकटा मुलगा जात नाही, बाराच्या बारा जातात. आणि सतरा वर्षांचा गडी चौदाच्या मुलावर डॅश (मैदानाबाहेर ढकलणारी धडक) मारतो तेव्हा कोणाचं तरी हाड मोडतं, तो धोका वेगळाच.

पालक कबड्डीकडे नोकरीच्या आशेने पाहत असतील तर त्यांच्याशी स्पष्ट बोला. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत आहे. पण दोन्हींना स्पर्धेचा स्तर, मान्यता आणि प्रमाणपत्राची पडताळणी यांच्या अटी आहेत. तालुक्याला पहिला आला म्हणून कोणी फौजदार होत नाही. हे न सांगता "पोरगं लाइनीला लागेल" असं बोलत राहिलं की प्रत्येक चढाईवर अख्ख्या घराच्या भवितव्याचं ओझं येतं. प्रमाणपत्रं मात्र मिळाल्या दिवशीच स्कॅन करून ठेवा, लॅमिनेशन नको. पुढे शिक्के तपासायला मूळ कागद लागतो.

जत्रेतल्या आणि रात्रीच्या स्पर्धा

शालेय हंगाम साधारण ऑगस्ट ते डिसेंबर, आणि मंडळांच्या स्पर्धाही गणपती-नवरात्रापासून सुरू होतात. तालुक्याला चमकलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला तीन मंडळांचे फोन येतात. रोख रक्कम, जेवण, कधी बूट. रात्री साडेदहाला सुरू होणारा सामना, समोर ऐंशी किलोचे गडी, आणि झोपायला पहाटेचे तीन. विभागीय स्पर्धेच्या आदल्या पंधरवड्यात गुडघा घालवून बसलेले खेळाडू बहुतेक इथून आलेले असतात.

सरसकट बंदी टिकत नाही, मुलं नाव बदलून खेळतात. त्यापेक्षा अटी घाला: वजनगटाची स्पर्धा असेल तरच; रात्री दहाच्या आत सामना संपत असेल तर; मैदान शिक्षकांनी किंवा कर्णधाराने दिवसा पाहिलं असेल तर; आणि शालेय सामन्याच्या आधीचे चौदा दिवस पूर्ण बंद. मैदान पाहताना खडे, काचा, बाजूच्या खुर्च्यांचं अंतर आणि रेषा पाहा. रेषांना भाजका चुना टाकला असेल तर खेळू नका, पांढरी फक्की हवी. पकडीत तोंड मातीत जातं, चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. गेलाच तर लगेच स्वच्छ पाण्याची धार धरून पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि मग दवाखाना गाठा. आधी दवाखान्याकडे पळत सुटणं चूक.

मंडळाच्या दादांना नाही म्हणणं सोळा वर्षांच्या पोराला जमत नाही. ते त्याच्यावर टाकूच नका. त्याला एकच वाक्य पाठ करून द्या: "दादा, शाळेच्या लेटरहेडवर परवानगी लागते, सरांशी बोला." पुढचा वाईटपणा सरांनी घ्यायचा. तेवढ्यासाठीच जूनमधला तो सही केलेला कागद आहे.

मातीतून मॅटवर

तालुक्यातले बहुतेक संघ मातीवर तयार होतात आणि वरच्या स्पर्धेत एकदम मॅटवर उभे राहतात. मातीत पाय थोडा घसरतो, मॅटवर रबरी तळ चिकटतो. शरीर वळतं, पाय तिथेच राहतो, आणि सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. जिल्ह्याच्या आधी निदान दोन-तीन सत्रं मॅटवर मिळतील असं बघा. नाशिकच्या हिरावाडीतल्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा मॅट असलेल्या जवळच्या शाळेत विनंती करता येते. मुख्याध्यापकांचं पत्र न्या. बूट स्पर्धेच्या दोन आठवडे आधी घ्या आणि त्यातच सराव करा. सामन्याच्या सकाळी पेटीतून काढलेले बूट म्हणजे फोड नाहीतर मुरगळ.

मॅटवरून गजकर्णही (नायटा) येतं. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, सरावानंतर आंघोळ, मॅट जंतुनाशकाने पुसलेली. गजकर्णावर मेडिकलमधून मिळणारं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावू नका, आधी बरं वाटतं आणि मग ते पसरतं.

सरावाच्या सुरुवातीला, आठवड्यातून किमान तीन दिवस, पंधरा मिनिटं गुडघे-घोट्यांसाठी राखा: हळू धावणं, लंजेस, एका पायावर तीस सेकंद तोल (डोळे उघडे, मग मिटून), उडी मारून दोन्ही गुडघे वाकवत आवाज न करता उतरणं, आणि जोडीदाराने घोटे धरून गुडघ्यावरून पुढे हळू झुकणं, तीन ते पाच वेळा. उतरताना गुडघे आत मिळत असतील तर तिथेच थांबवून दुरुस्त करा. मुलींमध्ये हे जास्त दिसतं आणि लिगामेंटची (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्याची) दुखापतही त्यांना जास्त होते. पोरांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. तरी करून घ्या. डिसेंबरच्या पहाटे निफाडकडे पारा एक आकडी होतो, तेव्हा पंधराची वीस मिनिटं करा.

दुखापत झाल्यावर

घोटा मुरगळला: चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या कोणत्याही एका बाजूच्या हाडावर दाबून खूप दुखत असेल, तर एक्स-रे. नाहीतर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दर दोन-तीन तासांनी, पहिले दोन दिवस. क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच. गरम तेलाची मालीश आणि ओढून "बसवणं" पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज वाढवतं. निखळलेलं बोटही मैदानावर ओढू नका, शेजारच्या बोटाला बांधून दवाखान्यात न्या.

गुडघ्यातून "टक्" आवाज आला आणि काही तासांत गुडघा सुजला, तर गुडघ्याच्या आतलं एसीएल हे लिगामेंट तुटल्याचा संशय धरायचाच. एक्स-रे चांगला आला म्हणून खेळायला परवानगी मिळाली असं समजू नका, लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही. दोन आठवड्यांत सूज उतरते, मुलगा चालू लागतो, गाव म्हणतं "बरा झाला की." तो उतरतो, गुडघा पुन्हा निसटतो, आणि या वेळी आतली गादीही फाटते. हाडांच्या डॉक्टरांकडून तपासणी, गरज पडली तर एमआरआय. शस्त्रक्रिया झाली तर परत खेळायला नऊ महिने धरून चाला. हा आकडा पालकांना पहिल्याच दिवशी सांगा.

बारा ते पंधराच्या मुलांत गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला हाडाचा उंचवटा दुखतो. हे बहुतेकदा वाढीच्या वयातलं दुखणं असतं. पूर्ण बंद करायची गरज नसते, उड्या आणि जोर-बैठका कमी करा. दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं की त्या दिवशीचा सराव थांबवा.

सामन्याआधी वेदनाशामक इंजेक्शन देऊन खेळवणं हा सरळसरळ अपराध समजा. दुखणं हा शरीराचा एकमेव इशारा असतो, तो बंद करून मुलाला पकडीत पाठवायचं म्हणजे काय? शिवाय उपाशी, घामेजलेल्या शरीरावर अशी औषधं मूत्रपिंडाला आणि पोटाला मारतात.

डोक्याला मार

घोट्याची पकड करायला कोपरारक्षक (टोकाला उभा राहणारा बचावपटू) झेपावतो आणि चढाईपटूचा गुडघा त्याच्या कपाळावर बसतो. मुलगा क्षणभर हबकतो, उठतो, माती झटकतो, "काही नाही सर" म्हणतो. मैदानावरचा सगळ्यात धोकादायक शब्द हाच. बेशुद्ध पडला नाही म्हणजे मेंदूला मार बसला नाही असं नसतं.

त्याला बाहेर घ्या आणि विचारा: कुठल्या मैदानावर आहोत, समोर कोणता संघ, आत्ता गुण किती, आधीचा सामना कोणाशी होता? उत्तर अडखळलं, डोकं दुखतं, गरगरतं, उजेड सहन होत नाही, तोल जातो, यांतलं एकही असेल तर त्या दिवशी तो परत उतरणार नाही. अंतिम सामना असला तरी नाही. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, झोपाळूपणा, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या, मान दुखणं यांतलं काही दिसलं तर १०८ ला फोन करा. मानेला दुखत असेल तर त्याला उचलून बसवू नका, मान हलवू नका. त्याला घरी एकटा सोडू नका, आणि त्या रात्री मोटारसायकल तर नाहीच.

पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमी. मग आधी शाळा आणि अभ्यास पूर्ववत, त्यानंतर खेळ, तोही पायऱ्यांनी: चालणं, हलकं धावणं, पदन्यास, अंगाला अंग न लागता सराव, डॉक्टरांच्या परवानगीने पूर्ण पकडीचा सराव, शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. त्रास जाणवला तर एक पायरी मागे. म्हणजे आठवडा तर जाणारच, मुलांत बहुधा जास्त.

खाणं, झोप, शेत, एसटी

खाण्याबद्दल गावात भलत्या चर्चा चालतात, थोडक्यात सांगतो. ५० किलोच्या खेळाडूला दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पुरतात. दोन अंडी १२, दोन ग्लास दूध १६, मूठभर शेंगदाणे ७-८, दोन वेळची डाळ-उसळ १५, बाकी बाजरी-गव्हाच्या भाकरी-पोळीतून. डब्यातल्या पावडरीची गरज नाही, आणि जिममधल्या दादाने दिलेल्या बिनलेबलच्या पावडरीत काय आहे हे त्यालाही माहीत नसतं. सरावाआधी आणि नंतर वजन करा. जितकं कमी झालं त्याच्या दीडपट पाणी पुढच्या काही तासांत प्यायला हवं. ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात, किंवा घरी लिटरला सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ.

या वयात आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे साडेपाचचा सराव ठेवायचा तर मूल साडेआठला झोपलं पाहिजे. ते होत नसेल तर सराव संध्याकाळी घ्या. आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नसावेत, चौदाव्या वर्षी फार तर चौदा तास, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. यात शेतातलं काम धरा. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी आली, पुढे कांद्याची लागवड आली की पोरं दिवसभर वाकलेली असतात. त्यांना संध्याकाळी पुन्हा शंभर बैठका मारायला लावणाऱ्याला कोच म्हणणं कठीण आहे.

सरावाची वेळ एसटीवरून ठरवा. शेवटची गाडी सव्वासहाची असेल तर सराव पावणेसहाला संपलाच पाहिजे. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास आहे, पण गाडीच चुकली तर पास काय कामाचा? संघातून बाहेर पडणाऱ्या मुलींपैकी कित्येक जणी अंधारातल्या रस्त्यामुळे जातात, खेळामुळे नाही.

दहावीच्या मुलांचं वेळापत्रक वर्गशिक्षकांबरोबर बसून करा. बुडणाऱ्या तासांची यादी आधी, एका वर्गमित्रावर वह्यांची जबाबदारी, आणि स्पर्धेहून आल्यावर पहिले दोन दिवस सराव बंद, फक्त वह्या.

मूल बोलत नाही तेव्हा

सामन्याच्या सकाळी नेमकं पोट दुखतं, स्पर्धा रद्द झाली की गुडघा बरा होतो, झोप उडाली आहे, चिडचिड आहे, आधी आवडणारा सरावच नकोसा झालाय: दोन आठवडे असं चाललं तर आळस म्हणून सोडून देऊ नका. चारचौघांत विचारू नका. गाडीवर मागे बसवून नेताना विचारा, समोरासमोर नसलं की पोरं बोलतात. "या वर्षी नाही खेळलं तर कसं वाटेल?" एवढा प्रश्न पुरतो. उत्तर ऐकून लगेच समजूत घालू नका. जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं काही बोललं तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ या टेलिमानस हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं.

पालकांसाठी एक नियम: सामन्यानंतर चोवीस तास सामन्यावर बोलायचं नाही. जेवण, आंघोळ, झोप. कडेला उभं राहून स्वतःच्या मुलाला सूचना देणंही बंद. त्याला आधीच तीन आवाज ऐकू येत असतात.

प्रशिक्षकाने मारणं, आईवरून शिव्या देणं, शिक्षा म्हणून पाणी तोडणं, ही "जुनी शिस्त" चालवून घेऊ नका. मुलींच्या संघाबरोबर प्रवासात आणि मुक्कामात शिक्षिका हवीच. पकड शिकवताना प्रात्यक्षिक मुलीनेच मुलीवर करावं. कोणत्याही मोठ्या माणसाने खेळाडूला एकट्याला खोलीवर बोलावू नये, रात्री वैयक्तिक मेसेज करू नयेत. तक्रार शाळेत दाबली जात असेल तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे.

सामन्याचा दिवस

तीन तास आधी पोहे, उपमा किंवा भाकरी-भाजी, तळलेलं नको. तासभर आधी केळं. उठल्यापासून दोन तासांत ३०० मिली पाणी, मग घोट घोट. सामना दहाचा सांगून दोनला होतो, हे गृहीत धरून डबा न्या. नाहीतर पोरं मैदानाबाहेरच्या गाडीवरची भजी खातात. वीस मिनिटं अंग गरम करणं सांगितलेली वेळ बघून नको, आधीचा सामना प्रत्यक्ष उत्तरार्धात गेला की सुरू करा.

टाइम आउट ३० सेकंदांचा असतो. त्यात एकाच माणसाने एकच गोष्ट सांगायची. "त्यांचा सहा नंबर उजवीकडूनच बोनस घेतो, कोपरा एक पाऊल मागे." बस. सात जणांना सात चुका सांगितल्या तर मैदानात जाईपर्यंत एकही लक्षात राहत नाही. "गावाची इज्जत" हे शब्द तर मुळीच नकोत, त्याने चढाईपटू मध्यरेषेवरूनच परत फिरतो किंवा चौघांत घुसतो.

हरल्यावर त्याच संध्याकाळी चुकांची बैठक घेऊ नका. मुलं घरी पोहोचल्याचा प्रत्येक पालकाला फोन करा. संघाच्या व्हॉट्सॲप गटात बाहेरची माणसं असतील तर तो गट दोन दिवस फक्त ॲडमिनपुरता ठेवा आणि सामन्याचा व्हिडिओ कोणी टाकला तर काढा. तिसऱ्या दिवशी मुलांना बोलवा, जर्सी धुऊन जमा करून घ्या, सोमवारचं वजन आणि दुखऱ्या जागांची नोंद वहीत करा. दहावी-बारावीची मुलं त्या दिवसापासून सरावातून मोकळी. बाकीच्यांना दोन आठवडे सुट्टी, त्यात हवं तर क्रिकेट, हवं तर काहीच नाही.